निवृत्तीसाठी 'हिरवा' आणि सुरक्षित फंड: खर्च वसूल होतो का?

बांधावरची | १८ जानेवारी, २१:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची संगमेश्वर तालुक्यातली थोडी जमीन हायवेच्या रुंदीकरणात गेली. सासऱ्यांनी लावलेली नऊ हापूस कलमं होती त्यात. मोबदला आला, भावंडांत वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला २२ लाख आले. मी ५५ वर्षांची, खासगी नोकरी, ५८ ला निवृत्त होणार. हे ६१ चे, यांना पेन्शन नाही. हे पैसे आमचं म्हातारपण आहेत.

बँकेतल्या मुलाने दोन फंड सुचवलेत. १६ लाख 'कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड' मध्ये (बहुतेक कर्जरोखे, थोडे शेअर) आणि ६ लाख 'ईएसजी' फंडात (पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणारा). दुसरा मीच मागितला. झाडं तोडून आलेला पैसा परत कोळशात आणि केमिकलात घालायला मन घेत नाही. कागद घरी आणून चष्मा लावून वाचला, तर फंडाच्या वर्षाच्या खर्चाचं प्रमाण पहिल्याचं १.८० टक्के आणि दुसऱ्याचं २.१० टक्के. मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन वर्षांचे रिटर्न बघा, खर्च विसरा."

विसरू का?

चिरेबंदी | १८ जानेवारी, २१:५८

कोकणी माणसाच्या पारंपरिक गुंतवणुका तीन: चिरे, विहीर आणि दिवाणी दावा. तिसऱ्याची मुदत सगळ्यात लांब आणि मध्येच बाहेर पडायची सोय नाही. तुम्ही फंडापर्यंत आलात याबद्दल अभिनंदन.

निवृत्त_टपाली | १८ जानेवारी, २२:१५

ताई, सगळ्यात आधी पोस्टात जा. मिस्टर ६१ चे आहेत ना? ज्येष्ठ नागरिक बचत योजना. व्याज ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, पुढे तीन वर्षांनी वाढवता येते, मर्यादा ३० लाख. दर तिमाहीला व्याज खात्यात. खर्चाचं प्रमाण शून्य. बँकेतला मुलगा हे सांगणार नाही, कारण यात त्याचं टार्गेट पूर्ण होत नाही.

गजालवाडी | १८ जानेवारी, २२:३१

माका एक सांगा, ह्यो खर्च वेगळो कापतत काय? म्हंजे वर्साक बिल येता?

पट्टीवाला | १८ जानेवारी, २३:०५

गजालवाडी, मुद्द्याचं विचारलंत. मी आंब्यातला माणूस, आंब्याच्याच भाषेत सांगतो.

आपण वाशीला पेट्या पाठवतो. आठवड्याने दलालाची पट्टी येते. त्यात वर लिहिलेलं असतं: इतक्या पेट्या, हा भाव, एवढी रक्कम. खाली ओळीने वजावट: आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं. शेवटी हातात काय आलं ते. शिव्या घालतो आपण, पण निदान कोणाला आणि कशासाठी घालायच्या ते कळतं.

फंडात अशी पट्टी येत नाही. खर्च रोजच्या रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, जाहीर होते. तुम्हाला दिसतो तो भाव आडत कापूनच. बिल येत नाही, म्हणून दुखत नाही.

आता ताईंचा हिशोब. प्रत्येक फंडाचे दोन प्लॅन असतात, रेग्युलर आणि डायरेक्ट. जानेवारी २०१३ पासून ही सोय आहे. फंड तोच, मॅनेजर तोच, रोखे तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये नसतं. ताई, तुमच्या कागदावर डायरेक्टचा आकडाही कुठेतरी बारीक अक्षरात असेल, तो बघून सांगा.

बांधावरची | १८ जानेवारी, २३:२०

सापडला. पहिल्याचा ०.७५, दुसऱ्याचा १.००.

पट्टीवाला | १८ जानेवारी, २३:३४

म्हणजे १६ लाखांवर १.०५ टक्क्यांचा फरक, १६,८०० रुपये. ६ लाखांवर १.१० टक्क्यांचा, ६,६०० रुपये. एकूण २३,४०० रुपये वर्षाला, आणि रक्कम वाढेल तसा हाही वाढणार. त्या मुलाने एकदा सही घेतली आणि एक चहा पाजला, एवढ्यासाठी.

बांधावरची | १८ जानेवारी, २३:३७

चहाही नाही पाजला हो.

आकडेमोड | १९ जानेवारी, ०८:१०

पट्टीवाल्यांच्या पुढचं लिहितो. एक टक्का म्हणजे 'फक्त एक टक्का' वाटतो. फंडाने खर्चाआधी ८.५ टक्के कमावले असं धरा. अर्धा टक्का कापला तर हातात ८, दीड कापला तर ७. दहा लाखांचे दहा वर्षांत एकीकडे २१.५९ लाख होतात, दुसरीकडे १९.६७ लाख. वीस वर्षांत ४६.६१ आणि ३८.७०. जवळजवळ आठ लाखांचा फरक, तोही कुठलाही धोका जास्त न घेता.

सुरक्षित फंडात हा खर्च जास्त बोचतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. १२ टक्के कमावणाऱ्या शेअर फंडातून दीड टक्का गेला तर कमाईचा आठवा हिस्सा गेला. ८.५ मधून दीड गेला तर सहाव्या हिश्शाच्याही वर. त्यातून महागाई वजा करा म्हणजे खरी मलई कोणी खाल्ली ते दिसेल. शेअर फंडाचा मॅनेजर निदान म्हणू शकतो की मी नशीब काढीन. ७५ ते ९० टक्के रोखे ठेवणाऱ्याला नशीब काढायला जागा किती? सेबीच्या (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) व्याख्येनुसार कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडमध्ये शेअर १० ते २५ टक्केच असतात.

आणि तीन वर्षांच्या रिटर्नबद्दल. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, २०२५ मध्ये ६.५० वरून ५.२५ वर आला. दर पडले की आधीच्या जास्त व्याजाच्या रोख्यांचा भाव चढतो. त्या मुलाच्या तक्त्यात हा चढाव धरलेला आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये हाच दर ४ वरून ६.५० वर गेला, तेव्हा याच फंडांचे चेहरे कसे होते ते विचारा त्याला.

सोडेभात | १९ जानेवारी, ०९:०२

मी जरा उलट बोलते. डायरेक्ट सगळ्यांना झेपत नाही. माझ्या वडिलांनी मार्च २०२० मध्ये घाबरून सगळे फंड तोट्यात विकायला काढले होते. आमचा वितरक गुहागरहून मोटरसायकलवर घरी आला, ओटीवर दोन तास बसला आणि त्यांना विकू दिलं नाही. त्या दोन तासांची किंमत त्याच्या सगळ्या कमिशनपेक्षा जास्त होती. माणूस चांगला असेल तर रेग्युलरचे पैसे फुकट जात नाहीत.

पट्टीवाला | १९ जानेवारी, ०९:२०

मान्य. माणूस ओटीवर येणारा असेल तर द्या. बँकेतला मुलगा जूनमध्ये बदली होऊन जातो.

खाडीकाठ | १९ जानेवारी, १०:४५

ताईंनी कोळसा आणि केमिकल नको म्हटलंय, त्यावर कोणीच बोललं नाही. मी बोलतो, कारण माझं गाव खाडीवर आहे आणि वरच्या अंगाला कारखाने आहेत. माझा आजा याच खाडीत बोयरी, काळुंदर मारायचा. आता पावसाच्या तोंडावर कधी कधी सकाळी पाणी फेसाळतं आणि मासे पांढरं पोट वर करून तरंगतात. तेव्हा 'पैसा कुठे जातो' हा प्रश्न मला शहरी नखरा वाटत नाही.

पण फंडाच्या नावातल्या हिरव्या पानावर जाऊ नका. मी एका ईएसजी फंडाची मासिक यादी काढून बघितली. वरच्या दहात बँका आणि आयटी. निफ्टी १०० ईएसजी निर्देशांकातही वजन याच दोघांचं जास्त. आयटी कंपनीला धुराडं नसतं, म्हणून ती पास. बँकेलाही धुराडं नसतं. पण धुराड्याला कर्ज कोण देतं?

आकडेमोड | १९ जानेवारी, ११:१२

खाडीकाठ, बरोबर. ईएसजी गुण बहुतेक वेळा 'पर्यावरणामुळे कंपनीला धोका किती' हे मोजतात. 'कंपनीमुळे पर्यावरणाला धोका किती' हा प्रश्न वेगळा. नावं सारखी दिसतात म्हणून गफलत होते.

तरी नियम थोडे घट्ट झालेत. सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजी योजनांचे सहा प्रकार ठरवले. वगळणूक हा त्यातला एक: ठरावीक धंदे नकोतच. दुसरा, प्रत्येक क्षेत्रातला त्यातल्या त्यात बरा निवडायचा. दुसऱ्या प्रकारात सिमेंटवाला आणि तेलवालाही बसू शकतो, बाकीच्या सिमेंट-तेलवाल्यांपेक्षा बरा असला की झालं. योजनेच्या किमान ८० टक्के पैशांना जाहीर केलेलीच पद्धत लावावी लागते. म्हणून ताई, तुमचा फंड सहापैकी कोणता ते आधी बघा. कोळसा नकोच असेल तर 'वगळणूक' शोधा.

आणखी एक. आपल्याकडचे ईएसजी फंड शेअरचे असतात, थीमॅटिक म्हणजे एकाच विषयाला धरून. 'हिरवा आणि सुरक्षित' असं एकाच डब्यात मिळत नाही. तुमचे ६ लाख सुरक्षित बाजूला नाहीत, ते पूर्ण शेअर बाजारात आहेत. मुलाने हे सांगितलं का?

बांधावरची | १९ जानेवारी, १३:३०

नाही. तो म्हणाला, "सस्टेनेबल म्हणजे टिकाऊ, मॅडम."

चिरेबंदी | १९ जानेवारी, १३:३३

🙏 या मुलाला कोणीतरी मराठीचा मास्तर करा.

ऑकलंडचा_हर्णैकर | १९ जानेवारी, १५:०५

इथे न्यूझीलंडमध्ये किवीसेव्हर नावाची निवृत्ती योजना आहे, २००७ पासून. पगारातून कापतात, मालकही घालतो, ६५ व्या वर्षी मिळतात. तुम्ही फंड निवडलाच नाही तर सरकार डिफॉल्ट फंडात टाकतं. पूर्वी तो कॉन्झर्व्हेटिव्ह असायचा. लोक तिशीत त्यात पडले आणि वर्षानुवर्षं पडूनच राहिले, म्हणून डिसेंबर २०२१ पासून डिफॉल्ट 'बॅलन्स्ड', म्हणजे शेअर जास्त असलेला, केला. त्याच वेळी डिफॉल्ट फंडांतून खनिज इंधनं काढणाऱ्या कंपन्या वगळल्या. म्हणजे इथे हिरवा हा जादा पैसे मोजून घ्यायचा प्रकार राहिला नाही, काहीच न करणाऱ्यालाही मिळतो.

हर्णैला लिलावात सुरमईचा भाव काय चाललाय कोणी सांगेल का? विषय सोडून आहे, क्षमस्व.

गजालवाडी | १९ जानेवारी, १५:२०

सुरमई महाग आसा. तुमका थंय सॅमन खावचा लागता म्हणान आमका वायट वाटता.

एनपीएसप्रेमी | १९ जानेवारी, १७:४८

एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, नाव कोणीच कसं काढलं नाही? फंड सांभाळायचा खर्च अगदी किरकोळ, टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. वर थोडे खात्याचे शुल्क. त्यात एलसी-२५ हा कॉन्झर्व्हेटिव्ह पर्याय आहे: पस्तिशीपर्यंत शेअर २५ टक्के, मग उतरत उतरत पंचावन्नला ५ टक्के.

सोडेभात | १९ जानेवारी, १८:०५

आणि निवृत्तीला ४० टक्क्यांची वार्षिकी (विमा कंपनीची आयुष्यभराची पेन्शन) सक्तीने घ्यायची, तिचा दर बघून रडायचं.

एनपीएसप्रेमी | १९ जानेवारी, १८:१४

ते जुनं झालं. डिसेंबर २०२५ च्या बदलानंतर बिगरसरकारी सभासदांना वार्षिकी किमान २० टक्केच.

खाडीकाठ | १९ जानेवारी, १८:४०

पण एनपीएसमध्ये 'कोळसा नको' असं सांगायची सोय नाही. स्वस्त आहे, हिरवं नाही. ताईंनी यातलं काय सोडायचं ते ठरवायला हवं.

जुना_खातेदार | १९ जानेवारी, २१:३०

मी आजवर कुठे बोललो नाही, इथे लिहितो. माझे दोनदा अडकले.

पहिल्यांदा एका पतसंस्थेत. चेअरमन आमच्याच आळीतला, गणपतीत आरतीला पुढे. एफडीला बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो, हे मला पतसंस्थेला कुलूप लागल्यावर कळलं. अजून पावत्या ट्रंकेत आहेत. आईने त्या लाल कापडात बांधून ठेवल्यात, जणू सातबारा.

दुसऱ्यांदा एप्रिल २०२० मध्ये. एका मोठ्या फंड घराण्याने सहा डेट (कर्जरोख्यांच्या) योजना एका रात्रीत बंद केल्या. 'डेट म्हणजे सुरक्षित' असं मला सांगितलं होतं. ते पैसे हप्त्याहप्त्याने परत आले, हे खरं. पण त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमची दापोलीची वाडी झोपली, सुपारी तर काडेपेटीतल्या काड्यांसारखी. पैसे तेव्हा हवे होते, हप्त्याने नको होते.

म्हणून ताई, कॉन्झर्व्हेटिव्ह फंड घ्याल तर टक्के बघण्याआधी आत कोणाचे रोखे आहेत ते बघा. सरकारी किती, एएए (सगळ्यात वरची पत) किती, त्याखालचे किती. आणि एएएवरही डोळे मिटू नका, २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी एएए असतानाच कोसळली. एखादा फंड बाकीच्यांपेक्षा टक्काभर जास्त देत असेल तर तो कुठून आणतो ते विचारा.

निवृत्त_टपाली | १९ जानेवारी, २१:५५

हे वाचून पुढे काही लिहवेना. पण म्हणूनच पोस्ट.

काजूबोंड | २० जानेवारी, ०७:५०

हिरवंच हवं आणि बुडायलाही नको असेल तर सरकारचे सार्वभौम हरित रोखे आहेत की. पहिला लिलाव २५ जानेवारी २०२३ ला झाला, पाच वर्षांचा ७.१० आणि दहा वर्षांचा ७.२९ टक्क्यांनी. आरबीआयच्या 'रिटेल डायरेक्ट' या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं, किमान १०,००० रुपये. पैसा सौर, पवन, स्वच्छ वाहतूक अशा कामांनाच जायला हवा असा आराखडा आहे. त्यात खनिज इंधनं वगळलीत, आणि जैतापूरच्या मंडळींसाठी: अणुऊर्जाही वगळलीय! २५ मेगावॉटच्या वरची जलविद्युतसुद्धा.

फंडाचा खर्च शून्य.

आकडेमोड | २० जानेवारी, ०८:३०

उत्तम मुद्दा, दोन अडचणी सांगतो. एक, हे रोखे लिलावात रोज नसतात आणि मुदतीआधी विकायचे तर दुय्यम बाजारात छोट्या माणसाला गिऱ्हाईक मिळणं कठीण. दोन, मुदतीपर्यंत धरले तरच ठरलेलं व्याज. मध्ये दर वाढले आणि तेव्हाच विकावं लागलं तर भाव पडलेला असेल. ताईंना लागणार नाहीत असेच पैसे यात.

कराचंही एकदा. कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिडचा नफा १ एप्रिल २०२३ नंतरच्या खरेदीवर तुमच्या स्लॅबने लागतो, कितीही वर्षं ठेवा. ऐकायला वाईट, पण निवृत्तीनंतर आयकराच्या नव्या पद्धतीत उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे तो कर बहुतेक शून्यच. म्हणून विकायचं ते नोकरी संपल्यावर. ईएसजी शेअर फंडाचं वेगळं: वर्षभरानंतर विकला तर सव्वा लाखावरच्या नफ्याला १२.५ टक्के, आणि त्यावर ती सवलत नाही.

मास्तर_रिटायर्ड | २० जानेवारी, १०:२०

सगळे पैशाचं बोलताय. माझा मूलभूत प्रश्न: ताईंनी बाजारात शेअर नाही घेतला तर दुसरा कोणीतरी घेईल. कंपनीला एक रुपयाचा फरक पडत नाही. मग वर्षाला जादा खर्च कशाला? साधा फंड घ्या, वाचलेले पैसे गावातल्या देवराईला कुंपण घालायला द्या. जास्त पुण्य.

खाडीकाठ | २० जानेवारी, १०:४४

मास्तर, असंच म्हणत म्हणत खाडी संपली. "मी नाही सोडलं तर दुसरा सोडेल."

मास्तर_रिटायर्ड | २० जानेवारी, १०:५९

तुलना ओढूनताणून आहे, पण लागली खरी.

सोडेभात | २० जानेवारी, ११:३०

दोघांचंही घ्या ना. देवराई कोणती, मास्तर? आम्हीही देतो.

बांधावरची | १४ फेब्रुवारी, २०:१५

मंडळी, उशिरा येतेय. सगळं छापून घेतलं, यांना वाचून दाखवलं. जुना_खातेदार यांचं वाचताना हे उठून बाहेर गेले. त्यांचे काकाही अशाच एका पतसंस्थेत होते.

काय केलं ते सांगते. १५ लाख यांच्या नावाने पोस्टात. वर्षाला १,२३,००० व्याज, तिमाहीला ३०,७५०. घर त्यावर चालेल, तीन वर्षं माझा पगारही आहे. ३ लाख बाजूला ठेवलेत, हरित रोख्यांचा पुढचा लिलाव लागला की घालीन. काजूबोंड, रिटेल डायरेक्टचं खातं उघडलंय. २ लाख बँकेत आजारपणासाठी. आणि २ लाख ईएसजी फंडात, डायरेक्ट, वगळणूक प्रकारचा शोधून. त्यावर एक टक्का म्हणजे वर्षाला दोन हजार जाईल. ते मी माझ्या समाधानाची आडत म्हणून धरलेत. मास्तर, देवराईला वेगळे देईन, दोन्हीची सरमिसळ नको. कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड घेतलाच नाही. आमच्या वयाला तो जे करणार ते पोस्ट फुकट करतंय असं वाटलं.

बँकेत जाऊन मी 'डायरेक्ट द्या' म्हटलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ते नसतं." मी म्हटलं, माहितेय, म्हणूनच सांगायला आले.

मग भाचीने मोबाइलवर केलं. तिथे अडलं ते वेगळंच. पॅनवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. केवायसी परत. पॅन दुरुस्तीला टाकलाय, लग्नाचा दाखला मागितला. लग्न १९९३ चं, गावात, नोंद कोणी केली होती?

निवृत्त_टपाली | १४ फेब्रुवारी, २०:४०

ताई, राजपत्रात नावबदल छापून घ्या, तोही चालतो. आमच्या हिने तसंच केलं. आणि १५ लाखांबद्दल आनंद झाला. नॉमिनी लावलात ना?

बांधावरची | १४ फेब्रुवारी, २०:५२

लावला. हायवेच्या मोजणीत शेवटचं दहावं कलम वाचलंय, बांधावरचं. यंदा मोहोर चांगला धरलाय. तुडतुड्याने ठेवला तर पट्टीवाल्यांना पेटी पाठवीन.

पट्टीवाला | १४ फेब्रुवारी, २०:५५

आडत न कापता घेईन.

गजालवाडी | १४ फेब्रुवारी, २१:०३

आमका रेग्युलर प्लॅनात तरी एक डझन?